जिन्याखालचा समुद्र

लातूरला समुद्र नाही, याबद्दल लातूरकरांची कधीच तक्रार नव्हती. ज्या गावात नळ आठ-आठ दिवसांनी येतो आणि आला की गल्लीभर लग्नघरासारखी धांदल उडते, तिथं समुद्राची आठवण कुणाला होणार? मलाही झाली नसती. पण माझी सासुरवाडी नांदेडची, आणि तिथं मला कोणी काम सांगत नाही, म्हणून हे सगळं घडलं.

हे जरा उलगडून सांगायला हवं. नांदेडला गोदावरी आहे, आणि माझ्या सासऱ्यांना ती आपल्या वडिलांनी खणून ठेवल्यासारखी वाटते. मी लातूरहून गेलो की त्यांचा (मी त्यांना मामा म्हणतो) पहिला प्रश्न ठरलेला असतो : "काय जावईबापू, आंघोळ करून आलात का इथंच करता?" इथवर ठीक आहे. पाण्यावरून बोलणी खायची सवय प्रत्येक लातूरकराला असते. पण पुढचं वाक्य मला लागायचं. बारसं असो, वास्तुशांत असो, पंगत वाढायची असो, मी बाह्या सरसावून उठलो की मामा हात वर करत आणि म्हणत, "जावईबापू, तुम्ही बसा." ऐकणाऱ्याला वाटावं, काय मान आहे! मान कसला डोंबलाचा? तो शुद्ध अविश्वास होता. माझ्या साडूला ते मंडपवाल्याकडे पाठवत, आचाऱ्याशी भांडायला पाठवत, नवऱ्या मुलाचा रुसवा काढायला पाठवत. मला मात्र सतरंजीवर बसवून ठेवत. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी आपला बसून आहे.

तर माझा मेहुणा नितीन, म्हणजे मामांचा धाकटा मुलगा, दातांचा डॉक्टर झाला. नांदेडला त्याचा दवाखाना सुरू व्हायचा होता. दात काढायला आलेल्या माणसाचं लक्ष दुसरीकडं जावं म्हणून त्यानं बसायच्या खोलीत भिंतभर काचेची टाकी बांधून घेतली. आणि टाकीत साधे मासे नव्हेत, खाऱ्या पाण्यातले! त्यात एक मासा आधीच आणून सोडला होता. आणखी चार हैदराबादहून यायचे होते. पण असे नवे मासे थेट जुन्यात सोडायचे नसतात. आधी महिनाभर वेगळे ठेवायचे, काही रोगराई निघते का बघायचं, मग सोडायचं. याला क्वारंटाईन म्हणतात. दवाखान्यात तेव्हा रंगकाम चाललं होतं, त्या वासात मासे ठेवता येईनात.

मामांच्या ओसरीवर यावर बैठक बसली. "ठेवायचे कुठं?" नितीननं विचारलं. मी उठलो.

"माझ्याकडं ठेवा. लातूरला."

"जावईबापू, तुम्ही बसा," मामा म्हणाले.

"मामा, मी भूगोलाचा शिक्षक आहे! सागरजलाची क्षारता मी दर वर्षी मुलांना शिकवतो!"

"शिकवणं येगळं. तुमच्याकडं माणसांना पाणी न्हाई, माशांना कुठून आणून राहिले तुम्ही?"

पण नितीन अडला होता. दवाखान्याच्या उद्‌घाटनाची पत्रिका छापायला गेली होती. त्यानं वडिलांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि एक सुस्कारा सोडून म्हणाला, "ठीक आहे भावजी. पण मासे जगले पाहिजेत." मामा फक्त "हूं" म्हणाले. त्यांच्या त्या हुंकारात माझी अख्खी परीक्षा होती, हे मला नीट कळलं. चार मासे धडधाकट नांदेडला पोचले तर मी कामाचा माणूस. नाही तर सतरंजी आहेच.

घरी आल्यावर पहिला प्रश्न आईचा होता. आम्ही लिंगायत. घरात कांदा चिरतानाही आई शेजारच्या देवघराचं दार बंद आहे ना बघते.

"मासे? आपल्यात?"

"खायला नाहीत आई, बघायला."

"बघायला तरी कामून? आन् ते काय खातेत?"

"गोळ्या." (कोळंबी खातात, हे मी सांगितलं नाही. बायकोनं, सुरेखानं, मला आधीच बजावलं होतं की फ्रीजमध्ये तसलं काही दिसलं तर क्वारंटाईनमध्ये पाचवा मी असेन.)

मासे विकणारे जाफरभाई हैदराबादचे. त्यांचा फोनवरचा आवाज असा, की ऐकणाऱ्याला वाटावं मुलगी सासरी पाठवतायत. "मास्टरसाब, सुनो. चारोंकू अलग-अलग डब्बे में रखो. एकसाथ नक्को. एककू बीमारी हुई तो चारोंकू होती. और वो निल्ला वाला है ना, बहुत हौला है. सबकू मारता." (हौला म्हणजे हैदराबादेत अर्धवट, वेडा.)

मी "हौ हौ" म्हटलं आणि चौघांना एकाच टबात ठेवायचं ठरवलं. एक तर माझ्याकडं टब एकच होता, बाळाच्या आंघोळीला आणतात तसला, पण चांगला खोल. आणि दुसरं म्हणजे मी एकत्र कुटुंबात वाढलेला माणूस आहे. सात भावंडांत एक खोली, सगळ्यांना एकदम गोवर, सगळ्यांना एकदम सुट्टी! चार मासे पुढं जन्मभर एका टाकीत काढणार, तर त्यांची आधीच ओळख झालेली काय वाईट? जाफरभाई विकणारा माणूस आहे, त्याला घरसंसाराचं काय कळतं, असा मी विचार केला.

आता समुद्र तयार करायचा होता. जिन्याखाली टब मांडला. शेजारी निळं टिपाड ठेवलं, म्हणजे प्लास्टिकचं भलंमोठं पिंप. त्यात पाण्याचे जार ओतायचे, हैदराबादहून आलेलं खास मीठ कालवायचं आणि ते खारं पाणी थोडं थोडं टबात बदलत राहायचं. जारवाला एकामागून एक जार उतरवताना म्हणाला, "मास्तर, लगीन काढलं का घरात? सांगितलं न्हाई!"

"लग्न नाही. मासे आहेत."

तो थांबला. मी त्याच्यासमोरच, त्यानं आणलेल्या स्वच्छ पिण्याच्या पाण्यात, मीठ ओतायला सुरुवात केली. लातूरच्या माणसाला हे बघवत नाही. बाहेर पडून गल्लीत त्यानं जे सांगितलं ते संध्याकाळपर्यंत कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत पोचलं होतं : "मास्तर पेयच्या पाण्यात मीठ कालवून राहिलेत. टक्कुऱ्यात फरक पडलाय."

त्यात मी शेजारच्या शकुंतलाकाकूंना सहज सांगून बसलो की महिनाभर घरात क्वारंटाईन आहे. काकूंनी तिथल्या तिथं पदर नाकाला लावला. दुसऱ्या दिवशी दूधवाला पिशवी फाटकाला अडकवून पळाला. नगरपालिकेपासून महापालिकेपर्यंत सगळं पाहिलेली ही बाई, तिला मी टबापाशी नेऊन मासे दाखवले, तेव्हा कुठं पदर खाली आला.

"एवढ्याश्यांना कोरोना?" काकू हळहळल्या.

मासे मात्र खरंच देखणे होते. दोन नारिंगी, अंगावर पांढरे पट्टे असलेले. एक पिवळाधमक, पुरणपोळीसारखा चपटा. आणि चौथा तो निळा, अंगठ्याएवढा. या अंगठ्याएवढ्यानं पहिल्याच दिवशी अर्धा टब आपल्या नावावर केला. पिवळा त्याच्या चौपट, पण निळा अंगावर आला की बिचारा कोपऱ्यात. नारिंगी जोडपं तर एका फुटक्या कुंडीत तोंड खुपसून दिवस काढायचं. माझी ओळखी वाढवायची योजना छान चालली होती.

आई आधी लांबून बघायची. मग स्टूल घेऊन बघू लागली. आठवडा व्हायच्या आत दुपारची मालिका बंद झाली आणि आई, शकुंतलाकाकू आणि टब अशी बैठक पडू लागली. निळ्याचं नाव आईनं 'फौजदार' ठेवलं.

"बग, बग, फौजदारानं पिवळीला जेवू दिलं न्हाई आज."

"जावेसारखंच की हो," काकू म्हणायच्या आणि दोघी आपापल्या जावेच्या आठवणी काढायच्या. मासे हा विषय त्यात फार उरायचा नाही.

आणि मग एके सकाळी पिवळ्याच्या अंगावर पांढरे ठिपके दिसले. कणीदार, जणू कुणी मीठ भुरभुरलंय. दुसऱ्या दिवशी नारिंगी जोडप्यावर. तिसऱ्या दिवशी फौजदारावरही! उद्‌घाटन तोंडावर आलेलं. मामांचा तो "हूं" कानात वाजू लागला.

"ह्या कांजण्या हायत," आईनं बघताक्षणी निदान केलं. "कडुलिंबाचा पाला टाक पाण्यात."

"आई, कृपा करून टबाला हात लावू नको! ही समुद्रातली परिसंस्था आहे. क्षारता, तापमान, सगळ्याचा समतोल असतो." आणि मी तिला क्षारतेवर अर्धा तास समजावून सांगितलं. आठवीचा वर्ग ज्या चेहऱ्यानं ऐकतो, त्याच चेहऱ्यानं तिनं ऐकलं. निळ्या टिपाडातलं पाणी खारं आहे आणि ते फक्त माशांचं आहे, हेही मी त्या अर्ध्या तासात कुठंतरी सांगितलं होतं, असं मला आजही वाटतं.

जाफरभाई फोनवर म्हणाले, "मैं बोला था ना मास्टरसाब! एकसाथ नक्को बोला था ना!" औषध ते ट्रॅव्हल्सनं पाठवणार होते. तोवर टबातलं अर्धं पाणी काढून नवं घाल, म्हणाले.

म्हणून सोमवारी सकाळी शाळेत निघता निघता मी नळी लावून टबातलं अर्धं पाणी काढलं आणि गटारीत सोडून दिलं. नवं पाणी घालायला वेळ उरला नाही, घंटा व्हायची होती. मासे अर्ध्या पाण्यात दुपारपर्यंत निवांत राहतील, असा हिशेब केला. बाहेर आलो तर गल्लीतल्या तीन बायका गटारीतून वाहणारं पाणी बघत उभ्या होत्या. लातूरमध्ये माणूस दारू पिऊन आला तर गल्ली समजून घेते. पाणी सांडलं तर घेत नाही. आई दारात उभी होती आणि तिची मान खाली गेली होती. तिचा तो चेहरा बघून मला वाईट वाटलं, पण घंटा व्हायची होती.

आणि नेमका त्या दिवशी नळ आला.

बाहेरच्या वाचकाला नळ येणं म्हणजे काय हे सांगितलं पाहिजे. "नळ आला!" अशी एक हाक गल्लीच्या टोकाकडून येते आणि मग पूजेला बसलेली माणसं पूजेतून उठतात, जेवणारी ताटावरून उठतात. हौद, हंडे, घागरी, बादल्या, पातेली, डबे, मुलांच्या पाण्याच्या बाटल्या, सगळं भरायचं. नळ जाईपर्यंत घरात एकही भांडं रिकामं किंवा अर्धं राहिलं, तर त्या घरची बाई आठ दिवस स्वतःला माफ करत नाही. आणि जुनं साठवलेलं असतं ते शिळं पाणी. ते वापरायला काढायचं आणि त्या जागी ताजं भरायचं. माझ्या आईनं आयुष्यभर हे काम बिनचूक केलेलं आहे. त्या दिवशीही तिनं ते बिनचूक केलं.

मला वर्गात यातलं काही ठाऊक नव्हतं. दुपारी घरी आलो तर दारात ओळखीच्या चपला आणि ओसरीत नांदेडकडच्या अर्धापुरी केळ्यांचा घड. आत मामा खुर्चीत बसले होते. त्यांच्या भुवया आणि मिशा पांढऱ्या पडल्या होत्या. तशा त्या पिकलेल्याच आहेत, पण हा पांढरेपणा वेगळा होता, खडखडीत होता.

"मामा! कळवायचं तरी!"

"कळवून आलं की मासे जसे दाखवाल तसे दिसतेत. न कळवता आलं की जसे हायत तसे दिसतेत," मामा म्हणाले. "तोंड धुतलं आत्ता. तुमच्याकडं साबणाला फेस येत न्हाई का हो?"

"लातूरचं पाणी जड आहे, मामा."

"हूं."

आईनं चहा आणला. मामांसाठी तो दुसरा कप होता. त्यांनी कपाकडं पाहिलं, मग आईकडं पाहिलं, आणि विहीणबाईंनी स्वतः केलेल्या चहाला नाही म्हणणारा माणूस त्यांच्या घराण्यात झालेला नसल्यानं, डोळे मिटून घोट घेतला. मीही घेतला. आणि मला आमची कोकणातली शाळेची सहल आठवली. तिथं एका लाटेनं मला तोंडघशी पाडलं होतं. ही चव मी त्यानंतर आजच घेत होतो!

आता करायचं काय? सासऱ्यांसमोर चहा थुंकता येत नाही. गिळला. मामा माझ्याकडं टक लावून बघत होते. मी हसलो. त्यांनी दुसरा घोट घेतला. मग मला घ्यावा लागला. लातूर माघार घेतंय असं नांदेडला वाटू नये म्हणून मी घोट घेत होतो, आणि विहीणबाईंना वाईट वाटू नये म्हणून मामा घेत होते. आई दोघांच्या मध्ये कौतुकानं उभी होती. (तिचा सोमवारचा कडक उपास, त्यामुळं तिनं स्वतः कपाला तोंड लावलं नव्हतं.)

"आणखी टाकू का जरासा?"

"नको!" आम्ही दोघं एकदम ओरडलो. मामांचं आणि माझं कुठल्याही बाबतीत एकमत होण्याची ही पहिलीच वेळ.

"आई," मी शक्य तितक्या शांतपणे विचारलं, "चहाला पाणी कुठलं घेतलं?"

"स्वैपाकघरातल्या नळाचं. घागरीतलं आत्ताच भरलंय, गढूळ हाय, तुरटी फिरवून ठेवलंय. म्हटलं वरच्या टाकीचं घ्यावं, उकळलं की सगळं सारखंच."

"वरची टाकी तर रिकामी होती."

"भरली की! शकुंतलानं तिची मोटार आणून लावली. त्या निळ्या टिपाडात शिळं पाणी पडलं हुतं बग किती दिवसाचं. ते सगळं वर चढवून टाकलं आन् टिपाडात ताजं भरून घेतलं. लई काम झालं आज."

मामांनी कप खाली ठेवला. त्यांनी मिशीवरून हात फिरवला, बोट जिभेला लावलं आणि माझ्याकडं पाहिलं. जाफरभाईंचं खास हैदराबादी मीठ, मी रात्रंदिवस ढवळून तयार केलेला समुद्र, तो आता आमच्या गच्चीवर होता. तिथून तो संडासात, न्हाणीघरात, स्वैपाकघरात सगळीकडं नळानं येत होता. मुंबईतल्या श्रीमंत माणसाच्या घरालाही इतका समुद्र लाभत नसेल!

आणि एकदम मला मासे आठवले. मी जिन्याकडं धावलो. टब काठोकाठ भरलेला!

"आई! ह्यात काय घातलं?"

"पाणीच की! तू बिचाऱ्यांना अर्ध्या पाण्यात ठेवून गेलास, आधीच अंगावर कांजण्या. नळ चालू, आन् घरात एक भांडं अर्धं? लोक काय म्हणतील? तुरटी पण फिरवणार हुते, पर हात घातला की फौजदार चावला. म्हटलं राहू दे, आजारी हाय."

मी जिन्याच्या पायरीवर बसलो. खाऱ्या पाण्यातल्या माशांना अर्धं गोडं पाणी! माझ्यासमोर चार मासे तरंगणार, आणि तेही मामांच्या देखत. मामा मागं येऊन उभे राहिले होते. मला त्या क्षणी खरंच रडू येत होतं. माशांसाठी येत होतं की स्वतःसाठी, ते सांगता येणार नाही. पाण्यातलं क्लोरीन मारायच्या औषधाची बाटली मी टबात रिती केली आणि जाफरभाईंना फोन लावला.

"जाफरभाई, सत्यानाश हो गया. टब में नल का पानी... आधा मीठा... अम्मा ने..."

"रोना नक्को मास्टरसाब. नमक नापने की नली है ना? डालो. कित्ता दिखारी?"

मी मीठ मोजायची काचेची नळी टबात बुडवली आणि आकडा सांगितला. मी डोळे मिटून घेतले.

"मच्छियां क्या कररे?"

मी डोळे उघडले. पिवळा पोहत होता. नारिंगी जोडपं कुंडीतून बाहेर आलं होतं. फौजदार पिवळ्याच्या मागं लागला होता, पण आज जरा कंटाळून. "घूमरे," मी म्हटलं.

"अरे मास्टरसाब! येईच तो इलाज है! पानी का नमक कम करो तो मच्छी सहती, कीडा मरता. मैं आपकू ये बतानेच वाला था, मगर सोचा आपसे होता नईं. अब थोड़ा और कम करो, और वैसाच रखो. बाद में धीरे-धीरे बढ़ाना. किसने करा बोले? अम्मा ने? अम्माकू मेरा सलाम बोलो!"

फोन स्पीकरवर होता. म्हणजे मी घाबरून कुठलं तरी बटण दाबलं होतं. मामांनी सगळं ऐकलं. ते हळूच वळले आणि आईला म्हणाले, "विहीणबाई, हाताला यश हाय तुमच्या."

"अवो, कांजण्यात आंघोळ लागतेच की," आई म्हणाली.

पुढचे दिवस आमची टाकी धुण्यात आणि माशांचं अंग स्वच्छ होताना बघण्यात गेले. गच्चीवरची टाकी मी एकटा घासत होतो. मासे आई बघत होती. ठिपके एकेक करत गेले. फौजदाराचा मारकुटेपणा परत आला, तेव्हा आईनं समाधानानं मान डोलावली. मग मी मीठ हळूहळू वाढवत नेलं, म्हणजे मी नळी धरून उभा राहायचो आणि जाफरभाई फोनवरून "अम्माकू पूछो, मच्छी खाते क्या" विचारायचे.

उद्‌घाटनाच्या आदल्या दिवशी चौघं डब्यात बसून नांदेडला गेले, डबा माझ्या मांडीवर. मासे टाकीत सुटले, दिव्याखाली चमकले, बघायला गर्दी झाली. माझी छाती भरून आली. आई मात्र आली नव्हती. त्या दिवशी आमच्या नळाची पाळी होती, आणि घरात कुणीतरी लागतंच. समारंभात मामांनी येणाऱ्या-जाणाऱ्याला मासे दाखवले आणि प्रत्येकाला सांगितलं, "आमच्या लातूरच्या विहीणबाईंनी वाचवले हो. मीठ आसं बरोब्बर कमी केलं, हैदराबादचा माणूस चाट पडला!" शेजारी मी उभा. एकानं विचारलं, "आन् हे?"

"हे आमचे जावई. डबा धरून आणला यांनी."

जेवणं झाल्यावर मामा माझ्याजवळ आले. आता "तुम्ही बसा" येणार म्हणून मी सवयीनं खुर्ची शोधली. पण त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"जावईबापू, एक काम हाय. तुमच्यावरच सोपवून राहिलो."

मी ताठ उभा राहिलो. इतक्या वर्षांनी! "सांगा मामा!"

"विहीणबाईंना चार दिवस इकडं पाठवा. नवीन जागा हाय, मासे बावरलेत. त्या बसल्या समोर तर बरं. येवढं नीट गाडीत बसवून द्या."

काम छोटं होतं, पण काम होतं. पुढच्या नळानंतर लगेच मी आईला घेऊन लातूरच्या स्टँडवर गेलो. फलाटाला दोन गाड्या लागत होत्या आणि गर्दी अशी की विचारू नका. मी वाघासारखा धावलो, लोकांच्या डोक्यावरून हात लांब करून खिडकीतून रुमाल टाकला आणि जागा धरली. खिडकीची! आईला वर चढवलं, पिशवी मांडीवर दिली, पाण्याची बाटली दिली, पाया पडलो. गाडी हलली आणि मी लगेच मामांना फोन लावला.

"मामा, बसवलं आईला. खिडकीची जागा मिळवली!"

"शाबास, जावईबापू," मामा म्हणाले.

मी स्टँडवरच एक चहा घेतला. गोड होता. मामांचं ते "शाबास" मनात घोळवत कप संपवला, तोच फोन वाजला. आईचा होता.

"अरे, कंडक्टर म्हणतो ही गाडी निलंग्याला चाललीय. नांदेड उलट्या बाजूला राहिलं म्हणतो. बरोबर बसवलंस ना रं मला?"

मी तिला औशाला उतरून तिथंच थांब म्हणालो आणि रिक्षा शोधायला निघालो. मामांना मात्र लगेच कळवलं नाही. इतक्या वर्षांत मिळालेलं पहिलं शाबास होतं ते, निदान औसा येईपर्यंत तरी माझ्याकडं राहू दे म्हटलं.